नव्या गाडीत सायलेन्सरचा वास: आधी धुराची वाट शोधा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पेट्रोल हॅचबॅक, घेऊन दोन महिने झालेत, मीटर 2,300 च्या आसपास. सिग्नलला उभं राहिलं की थोडा आणि घाट चढताना बराच, असा सायलेन्सरचा वास आत येतो. मागे बसणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला मळमळतं, तुमचंही डोकं जड होतं. सर्व्हिस सेंटरने दोनदा गाडी बघितली आणि ‘नवीन आहे, थोडी चालली की वास जाईल’ म्हणून परत पाठवली. आता तुम्ही विचारताय, चांगल्या प्रतीचा एसी फिल्टर टाकला तर भागेल का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. भागणार नाही, आणि या कारणासाठी तो टाकूही नका. साधा एसी फिल्टर धूळ अडवतो. कोळशाचा थर असलेला महाग फिल्टर वासही बराच शोषतो. पण धुरातला सगळ्यात घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, दोन्हींतून आरपार जातो. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्हाला येतो तो वास धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा, अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा. म्हणजे आज हा वास हीच तुमच्याकडची एकमेव सूचना आहे. फिल्टरने किंवा डॅशबोर्डवरच्या सेंटच्या बाटलीने तो दाबलात तर वायू येतच राहील आणि कळणार मात्र नाही. शिवाय धूर डिकीकडून येत असेल तर तो आत शिरताना फिल्टरच्या वाटेला जातच नाही.

आता मुलीबद्दल. घाटात लहान मुलांना गाडी लागते, त्यामुळे नुसत्या मळमळीवरून मी काही ठरवणार नाही. पण त्याच वेळी मोठ्या माणसाचंही डोकं धरतं, वासही येतो, आणि खाली उतरून मोकळ्या हवेत थोडा वेळ काढला की दोघींना उतार पडतो, असं असेल तर ते गाडी लागणं नाही असंच धरून चाला. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. लहान मुलांचा श्वास जलद असतो, म्हणून त्यांना तो आधी बाधतो. आणखी एक: करोनाच्या काळात घरोघरी आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलंच दिसतं. आकडा 98 आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पुन्हा त्रास झाला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळे बाहेर पडा. डॉक्टरांना ‘गाडीत धूर येत होता’ हे आवर्जून सांगा. तेवढं एक वाक्य राहून गेलं तर मळमळ आणि डोकेदुखी ही पित्ताचीच लक्षणं वाटतात.

कारण सापडेपर्यंत मुलीला या गाडीत बसवू नका. न्यावंच लागलं तर चारही काचा अर्ध्याच्या खाली ठेवा. बोटभर फट ठेवून उपयोग नाही, तशी फट कधीकधी मागचा धूर ओढून घेते. त्याचं कारण पुढे येईलच.

सर्व्हिस सेंटर ‘वास कसला’ इथेच थांबलंय. ‘जाईल’ हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं नाही. नव्या गाडीच्या मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर आणणारा पाइप), सायलेन्सरच्या पाइपांवर गंज लागू नये म्हणून लावलेला थर असतो, जोडणीच्या वेळचं ग्रीस-तेल असतं. ते पहिले काही दिवस जळतं. त्याचा वास करपलेल्या रंगासारखा येतो आणि काहीशे किलोमीटरमध्ये जातो. डिलिव्हरीच्या वेळी खालून अँटी-रस्ट कोटिंग मारून घेतलं असेल आणि मारणाऱ्याने सायलेन्सर नीट झाकला नसेल, तर त्यावर उडालेले थेंब डांबरासारखा वास देत आठवडे काढतात. पहिल्या सर्व्हिसला ऑइल सांडलं असेल तर दोन दिवस वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (धूर साफ करणारा डबा) येणारा गंधकाचा वास, त्याची चौकशी वेगळी. गाडी सीएनजी असती आणि गॅसचाच वास असता, तर मी इथे एवढं लिहीत बसलो नसतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडी चालवू नका, एवढंच सांगितलं असतं.

तुमचं वर्णन यातल्या कशात बसत नाही. 2,300 किलोमीटर झालेत, वास कमी होत नाहीये, आणि इंजिनावर जोर आला की वाढतोय. तरी एक शंका आधी फेडून घ्या. तो वास पुढच्या टेम्पोचा किंवा शेजारच्या रिक्षाचा तर नाही ना? पहाटे सहाच्या सुमाराला, पुढेमागे गाडी नसताना, एखाद्या चढावर एक फेरी मारा. तिथेही वास आला तर तो तुमच्याच गाडीचा.

आता वाटेकडे येऊ. कच्च्या रस्त्यावरून गेलेल्या एसटीची मागची काच आठवा. धूळ मागे उडून जात नाही, वळून त्या काचेवरच बसते. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, आणि जे काही तिथे असेल ते गाडीच्या पाठीला चिकटून घुटमळतं. हॅचबॅकची पाठ एसटीसारखीच सपाट असते आणि सायलेन्सरचं तोंडही नेमकं तिथेच असतं. मागे कुठेही फट असेल, म्हणजे डिकीच्या कडेचं रबर (बीडिंग) दुमडलेलं, टेल लॅम्पमागचा फोम बसलेला नाही, तळातलं रबरी बूच निघालेलं, तर धूर तिथून आत येतो. पुढच्या खिडक्या बोटभर उघड्या असल्या की वेगात त्या केबिनमधली हवा बाहेर खेचतात आणि तिची जागा मागची हवा घेते.

दुसरी वाट पुढची. वायपरखाली जी जाळी असते तिथून एसीचा ब्लोअर बाहेरची हवा घेतो. बॉनेटखाली कुठे धूर फुंकत असेल तर तो याच जाळीतून आत येतो. उभ्या गाडीत जास्त, कारण तिथे त्याला उडवून न्यायला वारा नसतो.

या दोन वाटा वेगळ्या ओळखायचं साधन तुमच्या डॅशबोर्डवरच आहे. गोल फिरणाऱ्या बाणाचं ते बटण, आतलीच हवा फिरवायचं. बहुतेक जण उन्हाळ्यात ते एकदा दाबतात आणि वर्षभर विसरतात. बटण बंद असताना ब्लोअर बाहेरची हवा आत ढकलतो, केबिनमध्ये किंचित दाब तयार होतो आणि हवा मागच्या बंपरआडच्या व्हेंटमधून बाहेर जाते. अशा वेळी मागच्या फटींतूनही हवा बाहेरच जाते, धुराला आत यायला जागा मिळत नाही. बटण चालू केलं की हा दाब जातो आणि पाठीमागचा धूर सहज शिरतो.

म्हणून एकाच चढावर, त्याच गियरमध्ये, काचा बंद ठेवून दोन फेऱ्या मारा. एक बटण चालू ठेवून, एक बंद ठेवून, ब्लोअर दोन्ही वेळा तिसऱ्या नंबरवर. बटण चालू असताना वास जास्त आला तर वाट मागची. बंद असताना जास्त आला तर पुढची. दोन्हींत सारखाच आला तर तळातलं किंवा फायरवॉलमधलं (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) भोक, किंवा दोन्हीकडे थोडंथोडं. फेरी दहा मिनिटांच्या वर नको, सोबत एक मोठं माणूस घ्या, मुलीला घरी ठेवा. डोकं जड वाटायला लागलं की काचा पूर्ण उघडून तिथेच थांबा.

माझा अंदाज मागच्या वाटेचा आहे. मुलगी मागे बसते आणि त्रास तिला जास्त, शिवाय घाटात वास वाढतो. सिग्नलच्या वासामुळे मात्र मी पुढची वाट पुसून टाकत नाही. फेऱ्या मारल्याशिवाय ठाम कोणीच सांगू शकणार नाही.

नव्या गाडीत अशी भोकं येतात कुठून? माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा कारखान्यातून आलेली नसतात. साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजला चार महिन्यांची एक गाडी आली होती, हुबेहूब तुमच्यासारखी तक्रार घेऊन. पुणं सोडून खंबाटकी चढायला लागलं की मागच्या सीटवरची आजी कासावीस व्हायची. एका ठिकाणी सायलेन्सरचं पॅकिंग बदलून झालं होतं, फरक शून्य. रात्री शटर ओढून दिवे बंद केले. मी मागची सीट पाडून डिकीत आडवा झालो, कार्पेट उचललं, आणि आमचा पोरगा बाहेरून टॉर्च घेऊन बंपरच्या खालून हळूहळू सरकवत गेला. डाव्या कोपऱ्यात, टेल लॅम्पच्या खाली, रुपयाच्या नाण्याएवढा उजेड दिसला. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर आत घ्यायला अ‍ॅक्सेसरीवाल्याने कंपनीचं रबरी बूच काढलं होतं, वायर ओढली होती आणि भोकावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला होता. उन्हाने टेप सुटून लोंबत होती. भोकाशेजारचा पांढरा फोम करडा पडलेला, बोट फिरवलं तर काजळी लागली. वायरीसकट बसेल असं ग्रॉमेट (रबरी कडं) घातलं, कडेने सीलंट फिरवलं. वीस-तीस रुपयांचं सामान. पुढच्या खेपेला आजी गप्पा मारत घाट चढल्या.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हा: डिलिव्हरीच्या आधी किंवा नंतर काय काय बसवून घेतलंत? रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सर, डिकीतला ॲम्प्लिफायर, स्पॉयलर, मागचा दिवा. किंवा पार्किंगमध्ये मागून कोणी ठोकलं होतं का, जरासं का असेना? या प्रत्येक ठिकाणी आधी बघा.

हे फक्त आपल्याकडच्या फिटरांपुरतं नाही. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीच्या 2011 ते 2017 च्या गाड्यांबद्दल केबिनमध्ये धुराचा वास येतो अशा तक्रारी झाल्या. तिथल्या वाहन सुरक्षा खात्याने 2016 मध्ये चौकशी सुरू केली. 2017 मध्ये ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी आपल्या जवळपास चारशे गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या. पोलिसांच्या गाड्यांना दिवे, रेडिओ, वायरिंगसाठी नंतर भोकं पाडलेली असतात. 2023 मध्ये चौकशी बंद झाली तेव्हा खात्याचा निष्कर्ष असा होता की तपासलेल्या गाड्यांपैकी मर्यादेबाहेर कार्बन मोनॉक्साइड आढळला तो नंतरच्या फिटिंगमध्ये किंवा मागच्या बाजूच्या अपघातात सीलिंग बिघडलेल्या गाड्यांमध्ये. कंपनीनेही दुरुस्ती म्हणून मागची बाजू सील करणं आणि एसीचं प्रोग्रामिंग बदलणं हेच केलं होतं.

फट शोधायची एक पद्धत घरी करण्यासारखी आहे. इंजिन बंद, चावी फक्त ऑन, गोल बाणाचं बटण बंद, ब्लोअर पूर्ण, सगळ्या काचा-दारं लावलेली. आता बाहेरून डिकीच्या कडेने, टेल लॅम्पभोवती, नंबरप्लेटच्या दिव्यापाशी पेटती उदबत्ती हळूहळू फिरवा. जिथे धुराची सरळ रेघ एकदम फिसकटते तिथून हवा बाहेर येते. उलट दाबाने तिथूनच धूर आत जाणार. बंपरच्या आतल्या कोपऱ्यातल्या व्हेंटपाशी मात्र ती उडणारच, तो दोष नाही. त्या व्हेंटला पातळ रबरी पडदा असतो, तो बाहेर उघडून परत मिटायला हवा. अँटी-रस्ट कोटिंगने तो उघडाच चिकटून बसलेला मी पाहिलाय. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापासून उदबत्ती लांब ठेवा, आणि सीएनजी गाडीवर हा प्रयोग अजिबात नको. बीडिंगसाठी कागदाची पट्टी पुरते: डिकीत अडकवून लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे, जिथे सहज निसटते तिथे बीडिंग बसलेलं नाही.

वाट पुढची निघाली तर काम गॅरेजचं. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर ‘टिकटिकटिक’ असा आवाज येतो आणि पाच मिनिटांत बंद होतो का, ते ऐका. एक्झॉस्टच्या जोडातलं पॅकिंग फुंकत असलं, म्हणजे तिथून धूर गळत असला, की असा आवाज येतो, धातू तापून फुगला की फट मिटते. जोडापाशी काळा फराटा दिसतो. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी फुंकत असेल तर बाहेरची हवाही आत ओढली जाते, सेन्सर फसतो, इंजिन जास्त पेट्रोल सोडतं आणि मायलेज पडतं. बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी जागेवर आहे ना, हेही बघा. ती नसेल तर बॉनेटखालची हवा सरळ जाळीत जाते.

सर्व्हिस सेंटरला काही सापडलं नाही याचं मला नवल वाटत नाही. त्यांनी गाडी बघितली असेल ती गरम इंजिनावर, आवारात उभी करून. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण 250-300 अंशांना तापला की कामाला लागतो, मग उभ्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड फारच कमी उरतो. तो जास्त असतो दोन वेळा: थंड इंजिन चालू केल्यावर पहिली काही मिनिटं, आणि चढावर पूर्ण जोर मागितल्यावर, जेव्हा बरीच पेट्रोल इंजिनं जास्तीचं पेट्रोल सोडतात. तपासणी याच दोन वेळांना हवी. पीयूसीचा इथे उपयोग नाही. ती सायलेन्सरच्या तोंडाशी मोजतात, आणि पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) 0.3 टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. 0.3 टक्के म्हणजे 3,000 पीपीएम, दहा लाख भागांत 3,000 भाग. सायलेन्सरबाहेर चालणारा तो आकडा केबिनमध्ये जीवघेणा आहे.

कार्बन मोनॉक्साइड मोजणारा एक मीटर मात्र घ्याच. आकडा दाखवणारा, बॅटरीवर चालणारा, 1 पीपीएमपासून मोजणारा. घरात लावायचा साधा अलार्म गाडीत पुरत नाही, कारण तो 50 पीपीएमलासुद्धा तासाभराने वाजेल असाच बनवलेला असतो. मीटर आधी मोकळ्या हवेत शून्य दाखवतो का बघा, मग मागच्या सीटवर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला साधारण 9 पीपीएम आणि एका तासाला साधारण 30 आहे. ट्रकच्या मागे चार-पाच दिसून उतरला तर तो रस्त्याचा. रिकाम्या रस्त्यावर 9 च्या वर टिकून राहिला तर गाडीत दोष आहे. 30 दिसला की फेरी तिथेच थांबवा. आकड्याचा फोनवर व्हिडिओ घ्या, त्यात वेळ आणि बटणाची स्थिती दिसू द्या.

तो व्हिडिओ घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. जॉब कार्डवर ‘वास येतो’ एवढंच लिहू देऊ नका. असं लिहून घ्या: ‘केबिनमध्ये एक्झॉस्टचा धूर येतो, आतली हवा फिरवताना चढावर मागच्या सीटवर अमुक पीपीएम, प्रवाशांना मळमळ व डोकेदुखी.’ त्यांच्या माणसाला सोबत घेऊन त्याच चढावर टेस्ट ड्राइव्हचा आग्रह धरा, कार्डाची प्रत घ्या. ॲक्सेसरीज डीलरनेच बसवल्या असतील तर भोक बुजवणं त्याचीच जबाबदारी. बाहेरून बसवल्या असतील तर ते आधीच सांगून टाका, लपवून शोध लांबतो. तरीही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. सदोष वाहनांच्या रिकॉलचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत, त्याखाली सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. तुमच्यासारख्याच मॉडेलच्या इतरांनी तशाच तक्रारी केल्या तर तिथे त्या एकत्र दिसतात, म्हणून एकट्याची तक्रारही नोंदवलेली चांगली.

तोवर एसी लावून उभ्या गाडीत झोपणं, बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं पूर्ण बंद. दोष नसलेल्या गाडीतही नको.

आणि दुरुस्ती झाल्यावर ‘झालं’ या शब्दावर गाडी ताब्यात घेऊ नका. मीटर मागच्या सीटवर, मुलीचं डोकं येतं त्या उंचीला बांधा आणि त्याच चढावर पुन्हा दोन फेऱ्या मारा, एक बटण चालू ठेवून, एक बंद. पुढच्या सकाळी थंड इंजिनावर अजून एक. तिन्ही वेळा आकडा शून्याच्या आसपास राहिला, वासही आला नाही, तरच तिला मागे बसवा.